आखाजी ते आखाजी: रेखाटनाच्या सरावाचे माझे पहिले वर्ष

10 मे 2024, शुक्रवार. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. अमळनेर तालुक्यातील माहेरी घागर भरून झाली होती, आगारी (पितरांसाठी विस्तवावर अर्पण करायचे घास) टाकून झाली होती आणि पुरणपोळी-आमरसाचे जेवण आटोपून घरातील सगळी माणसे पंख्याखाली आडवी झाली होती. ओसरीवर कुंभाराकडून आणलेली नवी घागर होती, तिच्या तोंडावर लहान मातीचे भांडे, त्यावर डांगर (आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात) आणि शेजारी दोन आंबे. उजेड एकाच बाजूने येत होता. का कोण जाणे, पण ते दृश्य कागदावर उतरवावे असे मला फार वाटले. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, भाच्याच्या दप्तरातील पेन्सिलीने, मी तासभर ते काढत बसले.

त्या चित्रात घागरीचा काठ मी पूर्ण गोल काढला होता, वरून विहिरीत डोकावून पाहावे तसा, आणि बूड मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ. डांगर भांड्यावर टेकलेले वाटत नव्हते, हवेत तरंगत होते. आईने कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "घागरना काठ असा नही ऱ्हास." तो कसा असतो हे तिला सांगता येईना आणि मला काढता येईना. भुसावळला परतताना ते पान मी पर्समध्ये घडी करून आणले. पुढचे वर्षभर जो सराव केला, त्याचे मूळ त्या काठात आहे.

मी त्या वेळी 49 वर्षांची होते. एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. चित्रकलेशी शेवटचा संबंध सातवीतला. त्या वर्षी शाळेत कला संचालनालयाच्या एलिमेंटरी ड्रॉइंग ग्रेड परीक्षेचे फॉर्म आले होते. पण वडिलांची बदली झाली, शाळा बदलली आणि फॉर्म भरायचा राहिला. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती फक्त बेरजा तपासण्यासाठी. माझ्यासारख्या उशिरा सुरुवात करणाऱ्यांना पहिले काही महिने फार चाचपडत काढावे लागतात, म्हणून तारखा आणि खर्च यांसह सगळे लिहून ठेवत आहे.

20 मे रोजी साहित्य आणले. एचबी, 2बी, 4बी आणि 6बी अशा चार पेन्सिली 40 रुपयांना, खोडरबर 10 रुपये, कटर 20 रुपये, आणि दुकानदाराने आग्रह केला म्हणून 220 रुपयांची जाड कागदाची स्केचबुक. ही स्केचबुक पुढचे पाच महिने कोरीच राहिली, कारण इतक्या चांगल्या कागदावर वेड्यावाकड्या रेघा ओढायला हात धजत नसे. सुरुवातीला खरी गरज असते ती मुबलक आणि स्वस्त कागदाची. झेरॉक्सच्या कागदाचे 500 पानांचे रीम 290 रुपयांना मिळाले आणि तेव्हापासून कागद वाया जाण्याची भीती गेली. सुताराकडून प्लायवूडचा एक तुकडा कापून, कडा घासून घेतला. त्याचे 150 रुपये झाले आणि दोन मोठ्या क्लिपांचे 40.

वेळ ठरवली पहाटे साडेपाच ते सव्वासहा. भुसावळच्या मे महिन्यात दुसरी वेळ शक्यच नव्हती. दुपारी पंखा लावावा तर कागद उडतो, बंद करावा तर तळहाताच्या घामाने कागद ओला होऊन पेन्सिल त्यावर घसरते. पहाटेसुद्धा हाताखाली एक कोरा कागद ठेवण्याची सवय मी तेव्हा लावून घेतली आणि ती आजही आहे, कारण त्यामुळे आधी काढलेले पुसटतही नाही.

सराव अगदी प्राथमिक होता. पानावर दोन टिंबे द्यायची आणि ती एका रेघेने जोडायची. आडव्या रेघा, उभ्या रेघा, तिरप्या रेघा, मग एकमेकींपासून सारख्या अंतरावरच्या समांतर रेघा. रोज पाच पाने. हिशेबाची सवय असल्यामुळे मी रोजच्या रेघा मोजून पानाच्या कोपऱ्यात आकडा लिहीत असे. जूनच्या मध्यापर्यंत तो आकडा चार हजारांच्या वर गेला होता आणि रेघा मात्र पहिल्या आठवड्यात होत्या तशाच, मध्येच पोट सुटलेल्या आणि शेवटी खाली वळणाऱ्या. आकडा वाढतो आहे म्हणजे प्रगती होत असणार, असा माझा समज होता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात उजवे मनगट दुखू लागले. आधी वाटले की कामावर संगणकामुळे असेल. 28 जूनला पातेले उचलता येईना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर लागायला दोन तास लागले आणि तपासायला पाच मिनिटे. त्यांनी मला पेन्सिल धरून दाखवायला सांगितली. माझे कोपर टेबलावर घट्ट रोवलेले, मनगट वाकडे आणि बोटांची टोके दाबाने पांढरी पडलेली. तीन आठवडे पेन्सिलीला हात लावायचा नाही, रात्री मनगटाला पट्टा बांधायचा आणि परत येऊन दाखवायचे असे ठरले. दोन वेळची फी, पट्टा आणि गोळ्या मिळून 1,150 रुपये गेले. पैशांपेक्षा ते तीन आठवडे जड गेले. जी गोष्ट स्वतःसाठी म्हणून पहिल्यांदाच हाती घेतली होती ती सुटते की काय, अशी धास्ती मनात बसली होती.

त्या सक्तीच्या विश्रांतीत एक गोष्ट मात्र पक्की झाली: कोणीतरी समोर बसून हात पाहायला हवा. चौकशी केल्यावर एका निवृत्त कलाशिक्षकांचा पत्ता मिळाला. ते घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी आठ ते दहा वर्ग घेतात. 21 जुलैला गेले तर जागा नव्हती, कारण ग्रेड परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी खोली भरलेली होती. पुढच्या रविवारीही तेच. 4 ऑगस्टला एक मुलगा गैरहजर होता, त्याच्या जागी सरांनी बसायला सांगितले आणि प्रवेश झाला. एक छापील फॉर्म, दोन फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, महिन्याला 700 रुपये, फी पहिल्या रविवारी. फॉर्ममध्ये पालकाची सही असा रकाना होता. तिथे काय लिहायचे असे विचारल्यावर सर म्हणाले, "तुमचीच करा, ताई." सातवी-आठवीच्या मुलांमध्ये सतरंजीवर बसताना पहिल्या दिवशी संकोच फार झाला. मुलांना त्याचे काहीच वाटले नाही. शेजारच्या मुलीने आपला शार्पनर माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

सरांनी माझी जुनी पाने पाहिली, कोपऱ्यातले आकडे वाचले आणि एकच प्रश्न विचारला: "रेघ ओढताना तुम्ही कुठे बघता?" मी पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते. त्यांनी सांगितले की नजर शेवटच्या टिंबावर ठेवायची आणि हात तिकडे जाऊ द्यायचा. मग प्लायवूड मांडीवर तिरपे ठेवायला लावले, पेन्सिल टोकापासून चार बोटे मागे, खडूसारखी आडवी धरायला लावली आणि कोपर हवेत ठेवून खांद्यातून हात फिरवायला सांगितले. कागदाला न टेकवता पेन्सिल दोन्ही टिंबांवरून तीन-चार वेळा नेऊन आणायची आणि त्याच लयीत ती अलगद टेकवायची. पहिल्या दहा रेघा पूर्वीपेक्षाही वाईट आल्या. अकरावी की बारावी रेघ एका दमात, ताणलेल्या दोऱ्यासारखी शेवटच्या टिंबात जाऊन थांबली. ती चुकून आली होती, कारण पुढच्या वीस तशा आल्या नाहीत. पण हाताला तो रस्ता एकदा माहीत झाला. मनगट त्यानंतर आजपर्यंत दुखलेले नाही. घरी मी आकडे लिहिणे बंद केले आणि फक्त तारीख लिहू लागले. चार हजार रेघा चुकीच्या बैठकीने ओढून मी चुकीची बैठकच पक्की केली होती, हे स्वीकारायला मला थोडे जड गेले.

सप्टेंबर लंबवर्तुळांचा. मुले परीक्षेसाठी वस्तुचित्राचा सराव करत होती आणि मला सरांनी फक्त एक स्टीलचा पेला दिला. तो हातात धरून डोळ्यांच्या पातळीवर आणायचा: काठ एक सरळ रेघ दिसते. हळूहळू खाली न्यायचा: रेघ उघडते, चपटी पापणी होते, मग बदाम, मग पेला मांडीजवळ आला की जवळजवळ वर्तुळ. मी हे त्या सकाळी कितीतरी वेळा केले. मग सरांनी पेला चौरंगावर ठेवला आणि विचारले, "काठ आणि बूड यांत डोळ्यांपासून जास्त खाली काय आहे?" बूड. म्हणजे बुडाची गोलाई काठाच्या गोलाईपेक्षा जास्त उघडी असली पाहिजे. पर्समधले कॅलेंडरचे पान मला लगेच आठवले. काठ गोल असतो हे मला ठाऊक होते म्हणून तो मी गोल काढला, आणि घागर जमिनीवर सपाट बसते हे ठाऊक होते म्हणून बूड सपाट काढले. ओसरीवर बसून प्रत्यक्षात घागरीकडे मी फार कमी वेळा पाहिले होते.

लंबवर्तुळाच्या दोन्ही कडांना टोके येऊ द्यायची नसतात. तिथे वळण अरुंद असते, तरी ते वळणच असते. मधोमध एक उभी रेघ आखून डावी-उजवी बाजू जुळते का ते तपासायचे आणि कागद उलटा करून पुन्हा पाहायचे, कारण उलट्या कागदावर डोळ्याला चूक लवकर सापडते. घरी मी ताट, वाटी, कढई, कुकरचे झाकण, जे दिसेल त्याची लंबवर्तुळे काढली. याच महिन्यात पेन्सिलीने माप घेणेही शिकले. हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत रुंदी मोजायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहायचे. कोपर नकळत वाकते आणि सगळी मापे फसतात. मुलांचे फसत होते, माझेही फसत होते. दर वेळी पाठ भिंतीला टेकवून बसल्यावर ते थांबले.

ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळी आली आणि दोन रविवार वर्ग नव्हता. त्या सुट्टीत छायाप्रकाशाचा सराव सुरू केला. आधी नऊ चौकोनांची पट्टी, कोऱ्या कागदापासून 6बीच्या गडद काळ्यापर्यंत, शेजारच्या दोन चौकोनांत सारखाच फरक राहील अशी. ही पट्टी दिसते सोपी, पण मला सहा दिवस लागले, कारण मधले तीन चौकोन एकसारखेच होत. बोटाने घासून छटा मऊ करण्याचा मोह आवरावा; त्याने सुरुवातीला चित्र छान दिसते, पण रेघांवरचा ताबा शिकायचा राहून जातो.

नंतर मांडे भाजण्याचे खापर काढायला घेतले. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पुरणाचे मांडे ज्याच्या पाठीवर भाजतात ते मातीचे मोठे पालथे भांडे म्हणजे खापर. छायाप्रकाश शिकण्यासाठी याहून चांगली वस्तू मला अजून सापडलेली नाही. तो शुद्ध घुमट असतो, त्याला चकाकी नसते, नक्षी नसते, उजेड त्यावर एका बाजूने चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. खोलीच्या खिडक्या बंद करून, एकच दिवा डावीकडे ठेवून मी समोर बसले. सर्वांत गडद भाग अगदी कडेला असेल असे मी धरून चालले होते. तो कडेच्या थोडा अलीकडे होता, आणि कडेला पुन्हा हलका उजेड होता, फरशीवरून परतलेला. तो परतलेला उजेड दिसल्यावर मी दिवा बंद करून पुन्हा लावून पाहिला, खालून फरशीवर काळे कापड टाकून पाहिला. कापड टाकले की तो नाहीसा होई आणि काढले की परत येई. त्या संध्याकाळी स्वयंपाकाला उशीर झाला, पण घरात कोणी काही बोलले नाही. कोऱ्या स्केचबुकचे पहिले पान मी त्या खापराला दिले.

नोव्हेंबरात बाजारात भरताची हिरवी वांगी आली. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चित्र शिकणाऱ्यासाठी त्याचे मोल वेगळे आहे. खापरावर उजेड पसरतो, वांग्यावर तो एका ठिकाणी साचून चमकतो. ती चमक पांढऱ्या रंगाने काढता येत नाही, तिथला कागद पहिल्यापासून कोरा राखावा लागतो. दोन दिवसांत साल सुरकुतते, म्हणून एका वांग्याला एकच संध्याकाळ देता येते. घाई शिकायला तेही उपयोगी पडले.

जानेवारी 2025 मध्ये यथार्थदर्शन, म्हणजे जवळचे-लांबचे अंतर कागदावर दाखवणे, सुरू झाले: दृष्टिपातळी (डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेघ), लोपबिंदू (दूर जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू), त्या एका बिंदूत मिळणाऱ्या रेघा. वहीत खोके काढून कंटाळा आल्यावर सर म्हणाले की भुसावळमध्ये राहून हे वहीत कशाला शिकता, जंक्शनवर जा. फलाटावर बसून चित्र काढण्यास कोणाची हरकत नको म्हणून मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, सोबत ओळखपत्राची प्रत जोडली. पहिल्या दिवशी संबंधित अधिकारी भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी भेटले, अर्ज वाचला आणि तोंडीच सांगितले की फलाट तिकीट काढा, कडेपासून दूर बसा, प्रवाशांच्या वाटेत येऊ नका. तिकीट 10 रुपयांचे आणि दोन तासांचे असते, त्यामुळे वेळेची शिस्त आपोआप लागते. मार्चअखेरपर्यंत मी 14 वेळा गेले.

फलाटाच्या टोकाजवळच्या बाकावर बसले की रूळ, छपराची कड, खांबांची माथी आणि फलाटाची कड, सगळे दूर एकाच ठिकाणी ओढले जाताना दिसते. डोळ्यांच्या पातळीच्या वरच्या रेघा खाली उतरतात आणि खालच्या वर चढतात, हे वहीत पाठ केले होते. तिथे ते समोर होते. उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, जवळपास एकाच पातळीवर येतात, हे मात्र मी उभी राहून पाहिल्यावरच उमगले; बाकावर बसले की तीच पातळी त्यांच्या छातीवर उतरते. गाडी लागली की बोचकी, बादल्या, केळीच्या टोपल्या, झोपलेली मुले यांची अर्ध्या मिनिटात रेखाटने करायची. कोणाचा चेहरा ओळखू येईल असे काढायचे असेल तर आधी विचारावे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. बहुतेक जण हो म्हणतात. एक आजीबाई नको म्हणाल्या आणि मी वही मिटली.

फेब्रुवारीत रेल्वेने चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार केकी मूस यांचे संग्रहालय पाहिले. आयुष्याचा फार मोठा भाग त्यांनी चाळीसगावातील आपल्या बंगल्यात काढला आणि 1989 मध्ये ते गेले. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून त्यांनी जी छायाचित्रे घेतली, ती पाहताना खापरासमोरची माझी संध्याकाळ आठवत राहिली. एका वस्तूवर उजेड कुठून पडावा यासाठी माणूस किती वेळ देऊ शकतो, ते तिथे दिसते.

सरावात इतरांच्या चित्रांवरून नक्कल करावी की नाही, यावर आमच्या वर्गात दोन मते होती. माझे मत असे की करावी, फक्त खाली तसे लिहावे. मेजर रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी 1844 पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होता. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1879 मध्ये तो वारला आणि त्याचे दफन आमच्या भुसावळात झाले. एवढ्या वर्षांची नजर त्याने दुसऱ्याच्या रेषेवर घालवली, याला मी कमी लेखू शकत नाही. मार्चमध्ये मी अजिंठ्याला गेले (सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवावे). पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर काही न काढता फक्त उभी राहिले आणि बाहेर येऊन बाकावर आठवणीने त्याचा हात काढला. फुल धरलेली बोटे तीन वेळा काढली, तिन्ही वेळा जाड आली.

30 एप्रिल 2025 रोजी पुन्हा आखाजी आली. तोवर साहित्यावर 1,200, वर्गाच्या नऊ महिन्यांच्या फीवर 6,300, फलाट तिकिटांवर 140 आणि मनगटावर 1,150 असे 8,790 रुपये खर्च झाले होते; प्रवासाचा खर्च यात धरलेला नाही. माहेरी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी ओसरीवर प्लायवूड घेऊन बसले. घागर नवी होती, डांगर या वेळी थोडे लांबट होते. आधी पेन्सिलीने माप घेतले: घागरीची रुंदी उंचीपेक्षा किंचित जास्त भरली, जे मला तोपर्यंत कधी जाणवले नव्हते. काठ अर्धमिटल्या पापणीएवढा उघडा, पोटाखालचे वळण त्याहून अधिक उघडे, डांगराची सावली भांड्यावरून घागरीच्या खांद्यावर उतरलेली. दीड तास लागला. आई उठून शेजारी येऊन बसली, तिने कागदाकडे पाहिले, मग घागरीकडे, मग पुन्हा कागदाकडे, आणि बोट ठेवून म्हणाली की इथे डावीकडे काठ थोडा वर चढला आहे. मी कागद उलटा करून पाहिला. तिचे बरोबर होते. खोडरबर न वापरता शेजारी तेवढाच काठ पुन्हा काढला, खाली तारीख लिहिली, आणि चहा ठेवायला उठले.